किल्ली मिस्त्रींकडे होती

१

पेटी उघडली आणि आत पुडकं नव्हतं.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. घासून पांढरा केलेला सागवानी तळ होता. मागच्या कोपऱ्यात मिस्त्रींची चिनी मातीची वाटी होती, काठोकाठ भरलेली. पण काल संध्याकाळी बाईंनी स्वतःच्या हातानं ठेवलेलं ते मेणकापडात शिवलेलं, विटेएवढं पुडकं मात्र नव्हतं.

मिस्त्रींचा हात आपोआप वाटीकडे गेला. उचलली, आतलं पिशवीतल्या बाटलीत ओतलं, बूच लावून बाटली बाजूला ठेवली. तीस वर्षांची सवय. घराला आग लागली असती तरी या हातानं आधी वाटी रिकामी केली असती. डोकं जागं झालं ते नंतर.

"किल्ली कुणाकडे होती?" मामींनी विचारलं.

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं, तरी विचारलं. असे प्रश्न उत्तरासाठी नसतातच.

"माझ्याकडे," मिस्त्री म्हणाले.

"आणि दुसरी?"

"दुसरी नाहीच. एकच आहे."

"झालं तर मग," मामी म्हणाल्या आणि बाईंकडे वळल्या. "वन्सं, मी कालच म्हणत होते. घरातल्यांवर विश्वास नाही, पण पॉलिशवाल्यावर आहे!"

मिस्त्रींनी खांद्यावरची पिशवी खाली घेतली आणि सगळ्यांसमोर फरशीवर उलटी केली. पटाशी, काचपेपर, चिंध्या, चपडा लाखेची पुडी, डबा, सगळं घरंगळत गेलं. पुडकं काही पडलं नाही.

"पिशवीत कशाला आणतील?" मामी म्हणाल्या. "घरी ठेवून आले असतील."

२

ही माणसं कोण, ते आधी सांगायला हवं.

बाई म्हणजे घराच्या मालकीणबाई. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. त्यांची लेक पंचवीस वर्षांची, तिला घरात चिमणी म्हणतात, कारण तोंडाला क्षणभर विसावा नाही. मामा म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. पन्नाशी गाठली, पोट सुटलं, तरी बाईंसाठी अजून छोट्याच. आणि मामी म्हणजे मामांची बायको. हे दोघं आठवडाभर राहायला आले होते, कारण पेटी बाईंच्या वडिलांची होती आणि बाईंना वाटत होतं, ती नवी होताना भावानंही बघावं.

पेटी होती मात्र झकास. चार फूट लांब, पितळी कोपरे, घडीव कडी. वीस-बावीस वर्षं माळ्यावर पडून कीड लागलेली. मिस्त्री सोमवारपासून मागच्या खोलीत तिच्याशी झटत होते. शनिवारी चारच्या सुमाराला त्यांनी तळाचं कागदी अस्तर ओलं करून सोलून काढलं, आणि त्याच्याखाली एका खाचेत ते पुडकं निघालं. कडेनं दोऱ्याचे बारीक टाके. एक कोपरा फाटलेला, त्यातून निळ्या कागदाचं टोक दिसत होतं.

"बाबांचे टाके," बाई म्हणाल्या.

"उघडा ना मग!" मामी म्हणाल्या. "सोनंबिनं असलं तर?"

"सोनं असतं तर जड असतं," चिमणीनं फोटो काढत सांगितलं.

"जुने कागद असतील," मामा म्हणाले. "टाकून दे, ताई. कशाला धूळ उडवायची?"

बाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. "आज नाही होणार माझ्यानं. उद्या सकाळी दहाला चौघं बसून उघडू." मग त्यांनी घरच्यांकडे एकेक करून पाहिलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरांकडे बघावं तसं. "तोवर पेटीत राहील. आणि किल्ली मिस्त्री घेऊन जातील. कुणाचा हात शिवशिवायला नको."

पुडकं ठेवून बाई बाहेर गेल्या, त्यांच्या मागोमाग बाकीचे. मग मिस्त्रींनी रोजचं काम केलं. वाटीत टर्पेंटाइन ओतलं, वाटी पेटीत मागच्या कोपऱ्यात ठेवली, झाकण लावलं. आत वाफ कोंडली की उरलीसुरली कीड मरते. गिऱ्हाइकाला ते कधी सांगत नसत. सांगितलं की लोकांना लगेच घरभर वास यायला लागतो. कुलूप लावलं, किल्ली बाईंना दाखवली, पिशवी उचलली आणि पावणेपाचला गेले.

म्हणजे पुडक्याजवळ शेवटचे एकटे तेच होते. आणि आज सकाळी पुडकं नव्हतं.

"मी पोलिसात जाणार नाही," बाई आता म्हणाल्या. त्या मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. "पण मला ते पुडकं हवंय. एक वाजेपर्यंत."

"आणि नाही मिळालं तर मी गल्लीत गप्प बसणार नाही," मामींनी जोडून दिलं.

मिस्त्रींचं काम तोंडातोंडी चालायचं. या घरच्या बाई त्या घरच्या बाईंना सांगणार, तेव्हा कुणी आपल्या कपाटाशी, आपल्या पलंगाशी एकटं सोडणार. एकदा चोर म्हटलं की दारं बंद.

"मला तिघांशी एकेकट्यानं बोलू द्या," ते म्हणाले. "इथंच."

"तुम्ही आमची चौकशी करणार?" मामा हसले. "वा! हे बरंय."

"करू दे," बाई म्हणाल्या.

दार लागलं. मिस्त्री खाली बसले, आणि त्यांच्या मनात आधी दुसरीच भीती आली. चौकशी म्हटलं की चारी बाजूंनी होते. त्यात त्यांची एक गोष्ट बाहेर पडली तर चोरीचा आळ लागायचीसुद्धा गरज नव्हती.

मिस्त्रींना वास येत नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मोठा ताप आला, नाक गेलं, ते परत आलंच नाही. बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. ज्याला स्पिरिट सांडल्याचं कळत नाही, गॅस सुटल्याचं कळत नाही, त्याला कोण घरात घेईल? याच सोमवारी बाईंनी विचारलं होतं, "मिस्त्री, गॅसचा वास येतोय का हो? मला सर्दी झालीय." तेव्हा ते "नाही, बाई" म्हणाले होते, आणि त्या वळल्यावर गुपचूप नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावून, बुडबुडे येत नाहीत ना ते बघून आले होते.

३

आधी त्यांनी पेटीलाच विचारलं. कुलूप बघितलं. ओरखडा नाही. कडी पक्की. मग पेटीच्या मागं गेले.

मागं दोन बिजागऱ्या. प्रत्येकीत एक लांब पितळी खीळ, एका टोकाला बटणासारखी टोपी. गुरुवारी त्यांनीच साफ करून ठोकल्या होत्या, दोन्ही टोप्या बाहेरच्या, पेटीच्या कडांच्या बाजूला. हे ते नेहमी असंच करत, कारण आत टोपी आली की पुसताना चिंधी अडकते.

डावीकडची टोपी आतल्या, मधल्या बाजूला होती.

मिस्त्री उकिडवे बसूनच राहिले. म्हणजे कुणीतरी खिळी काढल्या. पुढचं कुलूप तसंच ठेवून झाकण मागून उचललं. किल्लीची गरजच पडली नाही. नंतर खिळी परत ठोकल्या, आणि एक उलटी.

पण हे सांगून काय होणार होतं? मामी लगेच म्हणणार, खिळी तुम्हीच उलट्या केल्यात, आम्हाला शेंडी लावायला.

पहिली आली चिमणी. येताना हातात सोललेल्या अस्तराचा तुकडा.

"काका, मी नाही घेतलं हं. मी पाचला मैत्रिणीकडे गेले, साडेआठला आले. तिला विचारा. आणि तुम्हीही नाही घेतलं, मला माहितीये. तुम्ही बिस्किटसुद्धा तीन वेळा आग्रह केल्यावर घेता."

"काल तू फोटो काढलेस. मागच्या बाजूचा आहे?"

होता. जायच्या आधी, पाचला काढलेला. पेटीची मागची बाजू, आणि टोप्या दोन्ही बाहेर. मिस्त्रींनी श्वास सोडला. आता निदान एक साक्षीदार होता.

"पाचनंतर घरी कोण होतं?"

"आई सहाला वाण्याकडे गेली, सातला आली. मामा मॅच बघत होता. टीव्हीचा आवाज एवढा, की जिन्यात ऐकू येत होता म्हणे. मामी आत झोपलेली." तिनं कागदाचा तुकडा एकदम मिस्त्रींच्या नाकाला लावला. "बघा ना, अजून तोच वास! काल तुम्ही म्हणालात, खळीचा. मला तर बिस्किटाच्या डब्यासारखा वाटतो."

"खळीचाच," मिस्त्री म्हणाले. काल ठोकून दिलेलं आज निभावून नेलं.

पण चिमणीवर त्यांचा भरवसा बसेना. साडेआठपर्यंत मैत्रिणीकडे होती, हे तीच सांगत होती. आणि पुडक्याचे सगळ्यात जास्त फोटो तिनंच काढले होते.

४

मामी आल्या त्या पदर नाकाला लावूनच.

"काय विचारायचंय ते भराभर विचारा. या खोलीत उभं राहवत नाही. तुम्ही कसं सहन करता देव जाणे! दिवसभर या वासात बसायचं. मला तर काल कपाळ उठलं, दार लावून पडले."

"किती वाजता?"

"साडेपाचला पडले, साडेसातला उठले. टीव्ही बोंबलत होता. दोनदा ओरडले, आवाज कमी करा म्हणून. ऐकतंय कोण?"

"ठोकल्याचा आवाज आला?"

मामी थबकल्या. डोळे बारीक झाले. "टक टक असं आलं. मला वाटलं, मॅचच्या तालावर टेबल बडवतायत. तसे बडवतात." मग एकदम सावध झाल्या. "कुणाचं नाव घ्यायला लावताय मला?"

"कुणाचंच नाही. पुडक्यात काय असेल असं वाटतं तुम्हाला?"

"मला वाटलं, सासूबाईंच्या पाटल्या. माझ्या वाट्याला काही आलं नाही कधी." हे त्यांनी न लाजता सांगितलं. "सासऱ्यांना मी पाहिलंच नाही. ते गेले, तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. हे लांब नोकरीला होते. ते फार आजारी आहेत असं वन्संनी पत्र टाकलं, ते पोचलंच नाही. पोचलं असतं तर शेवटचं भेटले असते. त्यावरून अजून डोळ्यात पाणी येतं वन्संच्या."

दाराशी जाऊन त्या मागं वळल्या. "आणि हे बघा, तुम्ही घेतलं असेल तर आत्ता देऊन टाका. मी ओरडेन, पण नंतर विसरेन."

मामा आले, ते खुर्ची उलटी फिरवून बसले. मोकळेपणानं हसले. "बोला इन्स्पेक्टर. सर्दी गेली का तुमची?"

"कसली सर्दी?"

"अहो, शुक्रवारी नाही का! मी दाराशी अख्खी सिगरेट संपवली, तुमचं लक्षच नाही. पायाशी राख पडली, तेव्हा दचकलात. म्हणालात, नाक चोंदलंय."

मिस्त्रींना आठवलं. उघड्या स्पिरिटच्या डब्यापासून दोन हातांवर जळती सिगरेट, आणि यांना पत्ता नाही. तोंडातून जे पहिलं निघालं ते सांगितलं होतं.

"जरा बरी आहे," ते म्हणाले. "काल संध्याकाळी तुम्ही?"

"मॅच. शेवटच्या चेंडूपर्यंत. हवं तर कोण कितीला आऊट झालं ते सांगतो." आणि खरंच सांगितलं, सगळं, धावांसकट. मग उठून मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई भावनेच्या भरात आहे. जुने कागद ते. हरवले म्हणून सांगा, मी तिला समजावतो. तुमची बदनामी होणार नाही, ही जबाबदारी माझी. काय?"

हात मायेचा होता. मिस्त्रींना तो झटकावासा का वाटला, ते त्यांनाच कळलं नाही.

५

साडेबारा. कुणी काही कबूल केलं नव्हतं. प्रत्येकाचं म्हणणं पटत होतं आणि कुणावरच विश्वास ठेवावासा वाटत नव्हता. क्षणभर त्यांच्या मनात बाईंचाही संशय आला. पुडकं त्यांचंच, किल्ली दुसऱ्याकडे द्यायची कल्पनाही त्यांचीच. मग स्वतःचीच लाज वाटली. या घरात संशय सर्दीसारखा पसरला होता.

हात रिकामे असले की मिस्त्रींचं डोकं चालत नसे. म्हणून त्यांनी ब्रश धुवायला घेतला आणि टर्पेंटाइनची काचेची बाटली उचलली.

बाटलीत रेघ होती.

त्यांनी ती खिडकीकडे धरली. वर पिवळसर थर, खाली स्वच्छ पांढरा थर, चार बोटं जाड. मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ. हलवली, गढूळ झालं. ठेवली, हळूहळू पुन्हा रेघ.

पाणी. टर्पेंटाइन पाण्यावर तरंगतं, त्यात मिसळत नाही. पण बाटली रात्रभर त्यांच्या घरी होती, आणि सकाळी निघताना नीट होती. तिच्यात आज एकच गोष्ट ओतली होती. वाटीतलं.

म्हणजे सकाळी वाटीत टर्पेंटाइन नव्हतंच.

मिस्त्री खाली बसले. सगळं एका ओळीत यायला लागलं, आणि ती ओळ जिथं संपत होती तिथं त्यांना जायचं नव्हतं. कारण चोराचं नाव सांगायचं, तर आधी स्वतःचं गुपित सांगावं लागणार होतं. चोर म्हणून घरी जायचं, की वास न येणारा पॉलिशवाला म्हणून?

बाहेर घड्याळात एकचा ठोका पडला.

"मिस्त्री," बाईंचा आवाज आला. "झालं का?"

६

चौघंही खोलीत आले. मिस्त्रींनी खीळ दाखवली, चिमणीचा फोटो दाखवला, मग बाटली मधे ठेवली.

"काल पाचनंतर कुणीतरी खिळी काढून झाकण मागून उचललं. माझी वाटी मागच्याच कोपऱ्यात होती. त्याला काय माहीत? धक्का लागला, वाटी कलंडली. टर्पेंटाइन सांडलं. त्यानं पुसलं, पुडकं काढलं, आणि वाटी रिकामी दिसायला नको म्हणून पाण्यानं भरून परत ठेवली. माझी बाटली इथं नव्हती, नाहीतर तिच्यातलंच ओतलं असतं."

"मग सकाळी तुम्हाला कळलं कसं नाही?" मामी म्हणाल्या. "पाणी आणि ते घाणेरडं तेल? आंधळ्यालाही वासावरून कळेल!"

"हाच प्रश्न आहे," मिस्त्री म्हणाले. "चोराला वाटीची फिकीर एकाच माणसासाठी होती. माझ्यासाठी. बाकी कुणाला वाटी ठाऊकच नव्हती. आणि पॉलिशवाल्यासमोर टर्पेंटाइन म्हणून पाणी कोण ठेवेल? उघडताक्षणी पकडलं जाणार. वाटी रिकामी ठेवली असती तर मी समजलो असतो, उडून गेलं. पाणी ठेवायची हिंमत त्यालाच होईल, ज्याला माहीत आहे की मला वास येत नाही."

मामींचा पदर नाकावरून खाली आला.

"येत नाही म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"तीन वर्षं झाली, बाई. अजिबात येत नाही."

"पण सोमवारी गॅसचं..."

"साबणाचं पाणी लावून बघून आलो होतो. तुम्हाला खोटं बोललो." त्यांनी मान खाली घातली नाही. "चिमणी काल आणि आज माझ्या नाकाला कागद लावून वास विचारते. तिला माहीत नाही. मामी विचारतात, या वासात कसे बसता. त्यांना माहीत नाही. या घरात एकाच माणसानं मला सर्दी गेली का म्हणून विचारलं."

सगळे मामांकडे वळले.

"काय वाट्टेल ते!" मामा म्हणाले. हसू अजून होतं, पण नुसतं तोंडावर. "घाईत कुणीही पाणी ओतेल. हा काय पुरावा झाला? मी मॅच बघत होतो. धावा सांगितल्या की यांना!"

"धावा पेपरातही येतात," चिमणी हळूच म्हणाली.

मामी नवऱ्याकडे बघत होत्या. कपाळावर आठी, मग ती आठी गेली आणि तोंड उघडं पडलं.

"अहो," त्या म्हणाल्या. "तुम्ही काल शर्ट धुतलात."

"काय?"

"निळा शर्ट. मी उठले तर दोरीवर ओला. एकोणीस वर्षांत तुम्ही स्वतःचा रुमाल पिळला नाहीत! मी विचारलं तर म्हणालात, चहा सांडला. चहा सांडला तर तुम्ही मला हाक मारता, बादली नाही शोधत!"

मामा खुर्चीवर बसले. एवढा मोठा माणूस, पण बसल्यावर खरंच छोट्या दिसला.

"छोट्या," बाई म्हणाल्या. "कुठंय?"

"गाडीच्या डिकीत," मामा म्हणाले. "जाळणार होतो. काडी ओढवेना."

७

पुडकं आलं. मिस्त्री चपला शोधायला लागले, तर बाईंनी हातानं थांबवलं. "तुम्ही बसा. आळ तुमच्यावर सगळ्यांसमोर घेतला. उतरेलही सगळ्यांसमोर."

टाके चिमणीनं कापले. आत बाबांचा चष्मा, आईचा एक फोटो, आणि निळं पाकीट. त्याचंच टोक काल फाटक्या कोपऱ्यातून दिसलं होतं, आणि मामांनी ते ओळखलं होतं.

"वाच," बाई म्हणाल्या.

"ताई, नको."

"वाच म्हटलं ना."

मामांनी वाचलं. पत्र लहान होतं. बाबा, ताईचं पत्र मिळालं. मला येता येणार नाही. नोकरी कच्ची आहे, रजा मागितली तर काढून टाकतील. ताईला हे समजणार नाही, तेव्हा तिला सांगू नका. पत्र पोचलं नाही असंच सांगेन.

वाचून झाल्यावर त्यांना कागदाची घडी जमेना. "मला वाटलं, बाबा बरे होतील," ते म्हणाले. "खरंच वाटलं, ताई."

"आणि बाबांनी हे शिवून ठेवलं," बाई म्हणाल्या. "एवढ्या आजारपणात सुईत दोरा ओवला. मला कळू नये म्हणून." त्यांनी बाबांचा चष्मा उचलून पदरानं पुसला. "मी पोस्टमनला बोलले होते. आठवतं? पत्रं टाकून देतोस म्हणाले. वर तक्रार केली. त्याची बदली झाली. लहान पोरं होती त्याला. मला अजून वाटत होतं, मी बरोबर केलं."

मामींनी एकदा मिस्त्रींकडे पाहिलं, एकदा फरशीवर पसरलेल्या पिशवीतल्या सामानाकडे. मग खाली बसल्या आणि एकेक वस्तू पिशवीत भरायला लागल्या. पटाशी उलटी धरली, मिस्त्रींनी सुलटी करून दिली.

"तो पोस्टमन कुठं राहतो ते मी पोस्टात विचारून काढीन," बाई भावाला म्हणाल्या. "आपण दोघं जाऊ. बोलायचं मात्र तू."

मामांनी मान हलवली.

मिस्त्रींनी पिशवी खांद्याला लावली. "येतो, बाई. दोन हात बाकी आहेत पॉलिशचे. दुसऱ्या मिस्त्रीचा पत्ता देऊन ठेवतो. चांगला माणूस आहे. नाकही शाबूत आहे त्याचं."

"दोन हात बाकी ठेवून कुठं निघालात?"

"बाई, तुम्ही ऐकलंत ना? घरात गॅस आहे. स्पिरिट आहे. मला..."

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. माझी सर्दीही गेली." बाईंनी मामांची उलटी खुर्ची सुलटी केली, पेटीशेजारी ठेवली आणि तिच्यावर बसल्या. पस्तीस वर्षं वर्गासमोर बसत तशाच. "गल्लीत मी सगळं सांगणार आहे. तुमच्या हाताचंही आणि नाकाचंही. ज्याला बोलवायचं तो बोलवेल. आता सुरू करा."

मिस्त्री उभेच राहिले. मग पिशवी खाली ठेवली. चपडा ढवळला, चिंधीची गोळी केली, झाकणावर पहिला हात मारला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता. लाकूड आतून उजळलं.

तो वाळायची, म्हणजे स्पिरिटचा वास उडायची वाट बघायची. एरवी ते बोटाच्या मागच्या बाजूनं चाचपत, कधी चुकत, कधी पुन्हा घासावं लागे. आता चिंधी हातात धरून त्यांनी बाईंकडे पाहिलं.

बाईंनी वाकून हुंगलं. "थांबा. अजून येतोय."

मिस्त्री थांबले.

"आता?"

"अजून थोडा."

बाईंनी पुन्हा वाकून हुंगलं, डोळे मिटून.

"हं," त्या म्हणाल्या. "मारा आता."